रंगांच्या खालचे शहर

एकट्याने प्रवास करणाऱ्या व्यक्तीविषयी समाजात अद्याप दोनच कल्पना रूढ आहेत. एक तर तिला सोबत मिळाली नसावी, किंवा ती धाडस मिरवीत असावी. एकटेपणाचा खरा लाभ या दोहोंत नाही. ‘चला, उशीर होतो आहे’ असे म्हणणारे कोणी बरोबर नसते, हा तो लाभ. मेक्सिकोतील ग्वानाह्वातो या डोंगरी शहरात त्याचे मोल विशेष जाणवते; कारण हे शहर पहिल्या तासाभरात जे दाखविते, ते त्याचे केवळ वरचे आवरण असते.

आवरण मोहक आहे, यात संशय नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटर उंचीवरील अरुंद दरी आणि तिच्या दोन्ही उतारांवर एकावर एक रचलेली घरे: हळदी, गेरूच्या रंगाची, डाळिंबी, आकाशी. समोरच्या टेकडीवरून हे दृश्य एका नजरेत मावते. छायाचित्रे घ्यावीत, दोन सज्जे जेमतेम हातभर अंतरावर आलेली ‘चुंबनाची गल्ली’ पाहावी, भोजन करावे आणि सायंकाळच्या बसने परतावे, असा बहुतेक सहलींचा क्रम असतो. पर्यटनाच्या जाहिरातीही एवढेच सांगतात. शहरावर हा अन्याय आहे.

एकटा प्रवासी गल्ल्यांत वाट चुकतो आणि तेथूनच त्याचे खरे पाहणे सुरू होते. पायऱ्या उतरता उतरता तो अकस्मात जमिनीखालच्या दगडी कमानींत येऊन पोहोचतो. डोक्यावर शहर असते आणि शेजारून मोटारी धावत असतात. हा मार्ग म्हणजे नदीचे जुने पात्र. या नदीने शहराला वारंवार बुडविले. १९०५ चा पूर तर फार विनाशकारी ठरला. पुढे पाणी अन्य मार्गाने वळविण्यात आले आणि १९६० च्या दशकात रिकाम्या पात्रातून वाहनांचा रस्ता झाला. वरच्या गल्ल्या आजही पादचाऱ्यांच्या राहिल्या आहेत, त्या या नदीच्या कृपेने.

याहूनही खोल आहेत त्या खाणी. येथे चांदी सापडली ती १५४८ च्या सुमारास. अठराव्या शतकात हे जगातील चांदीचे अग्रगण्य केंद्र बनले. ‘नरकाचे मुख’ या नावाची एक विहीर सुमारे ६०० मीटर खोल जाते. व्हालेन्सियाना खाणीजवळच सान कायेतानो हे सोन्याने मढविलेल्या वेदींचे चर्च १७८८ मध्ये पूर्ण झाले. जर्मन शास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी १८०३ मध्ये ही खाण पाहिली. शंभर किलोंहून अधिक वजनाचे धातुपाषाण पाठीवर घेऊन पायऱ्या चढणाऱ्या हमालांचे वर्णन त्यांनी करून ठेवले आहे. चर्चमधील झळाळी आणि ती पाठ एकत्र पाहिल्यावाचून हे शहर कळत नाही. १९८८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत ते समाविष्ट झाले, तेही ‘ऐतिहासिक शहर व लगतच्या खाणी’ अशा जोडनावाने. सहलींनी मात्र त्या नावाचा उत्तरार्ध सोयीस्करपणे गाळला!

भारतीय प्रवाशाला तर हा उत्तरार्ध परका वाटण्याचे कारणच नाही. अमेरिका खंडातील स्पॅनिश खाणींची चांदी युरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजांतून सुरतेस उतरत असे आणि मोगल टांकसाळींत वितळून तिचे रुपये पाडले जात. याच चांदीच्या स्पॅनिश नाण्यावरून अमेरिकेने आपला डॉलर बेतला. ते नाणे स्वतः तेथे १८५७ पर्यंत कायदेशीर चलन होते.

शहराच्या मध्यभागी एक भव्य इमारत आहे. रंगांच्या या गर्दीत ती जवळजवळ बिनरंगी भासते. हे धान्याचे कोठार. २८ सप्टेंबर १८१० रोजी स्पॅनिश अधिकारी व धनिक कुटुंबे चांदीसह येथे आश्रयास आली असता मिगेल इदाल्गो यांच्या बंडखोर सैन्याने ते जिंकले. पाठीवर दगडी शिळा घेऊन एका खाणकामगाराने त्याचे दार पेटविले, अशी आख्यायिका आहे. टेकडीवरील भव्य पुतळा त्याचाच. म्हणजे ज्याच्या पायाशी उभे राहून सर्वजण घरांचे रंग टिपतात, तो ओझे वाहणारा एक मजूर आहे. विजय टिकला नाही. पुढील वर्षी चार नेत्यांची मस्तके कोठाराच्या चार कोपऱ्यांवर टांगण्यात आली आणि १८२१ पर्यंत ती तेथेच होती.

या शहराला किमान दोन रात्री द्याव्यात. पायांत पक्की पादत्राणे असावीत, खिशात सुट्या पेसोंच्या नोटा. प्रथम खाण, मग चर्च, मग भुयारी रस्ता, त्यानंतर कोठार; आणि टेकडी सर्वांत शेवटी, दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीच्या सुमारास.