अडगळीला छप्पर, गाडीला रस्ता

पुण्यातल्या कुठल्याही जुन्या बंगल्यांच्या गल्लीत रात्री दहानंतर फेरी मारून या. एरंडवणे, मॉडेल कॉलनी, सहकारनगर, कुठलीही चालेल. दोन्ही अंगांना गाड्या आणि मधून एक रिक्षा अंग चोरून जाईल एवढी फट. अ‍ॅम्ब्युलन्स आली तर? तिने कोपऱ्यावर थांबायचं आणि पेशंटला स्ट्रेचरवर घालून तिथपर्यंत न्यायचं. आता गाड्यांच्या पलीकडे, फाटकाच्या आत बघा. तिथे गॅरेज आहे. पक्क्या स्लॅबचं, शटरचं, कुलूपबंद.

आत गाडी नाही. आत तीन गणेशोत्सवांपूर्वीचं मखर आहे. मोडका कूलर आहे, उरलेल्या फरशा आहेत, तळाशी रंग वाळून खडक झालेले डबे आहेत. टीव्हीचं खोकं थर्माकोलसकट जपून ठेवलंय, कारण ‘शिफ्टिंगला लागेल’. हे गृहस्थ तीस वर्षं त्याच बंगल्यात आहेत आणि हलायचा त्यांचा विचारही नाही. शिवाय आजोबांचा बंब, नातवाचा पाळणा आणि एका जानेवारीत घेऊन त्याच फेब्रुवारीत सोडून दिलेली व्यायामाची सायकल. थोडक्यात, बारा लाखांची गाडी कावळ्यांच्या हवाली आणि भंगारवाला बाराशेलाही हात लावणार नाही असा माल कडीकुलपात! अर्थशास्त्राच्या कोणत्या शाखेत हे बसतं?

बरं, स्वतःची जागा, स्वतःची अडगळ, म्हणून सोडून दिलं असतं. पण गाडी कुठे आहे? माझ्या-तुमच्या रस्त्यावर. त्यावर कडी म्हणजे फाटकावरची पाटी: ‘गेटसमोर गाडी लावू नये. लावल्यास हवा सोडली जाईल.’ ज्या गेटातून वर्षानुवर्षं एक चाक आत गेलेलं नाही, त्या गेटासमोर! कडेला सिमेंट भरलेले डबे आणि दोन मोठ्या कुंड्याही मांडलेल्या असतात, साहेब ऑफिसातून येईपर्यंत सार्वजनिक जागा अडवून ठेवायला. फूटपाथवर टोपली ठेवणाऱ्या भाजीवालीला हेच साहेब ‘अतिक्रमण’ म्हणतात. तिची टोपली दोन फुटांची. ह्यांची गाडी अडीच बाय पाच मीटरची जागा खाते, म्हणजे साधारण एकशे पस्तीस चौरस फूट. अतिक्रमणविरोधी पथकाची गाडी कुणाचा माल उचलते, हे मी सांगायला हवं का?

नकाशा मंजूर होतो तेव्हा पार्किंगची जागा एफएसआयमध्ये मोजत नाहीत. ही सवलत महापालिका गाडीला देते, मखराला देत नाही. वाहनं रस्त्यावर येऊ नयेत म्हणून शहराने बांधकामाची ही जादा मुभा दिली. आपण ती घेतली, तिथे गोदाम केलं आणि वाहन रस्त्यावर आणलं. याला मी फसवणूक म्हणतो.

सोसायट्यांमध्ये हाच खेळ सामुदायिक आहे. इमारतीखालचं खांबांमधलं पार्किंग हे गॅरेज नाही, बिल्डरला ते स्वतंत्रपणे विकता येत नाही, ते सोसायटीच्या सामाईक जागेत मोडतं, असं सर्वोच्च न्यायालयाने पांचाली सोसायटीच्या खटल्यात 2010 साली स्पष्ट सांगितलं. तरीही ‘मी पैसे मोजलेत’ म्हणत लोक त्या जागेला साखळी लावतात, मागे कपाट उभं करतात, गाद्या रचतात. सेक्रेटरीने नोटीस काढली तर सर्वसाधारण सभेत घटनादत्त हक्कांवर व्याख्यान होतं. गाद्यांच्या शेजारी पेट्रोलने भरलेल्या स्कूटरींची रांग असते, वर सात मजले माणसं झोपलेली असतात. त्यांच्या हक्कांचं काय?

हा रोग आपलाच आहे असं नाही. लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी 32 मध्यमवर्गीय कुटुंबांची घरं वस्तूवस्तू मोजून तपासली. त्यांचं पुस्तक 2012 साली आलं. तिथे पाऊणशे टक्के गॅरेजमध्ये गाडीला जागाच उरली नव्हती. पण त्यांच्याकडे घरापुढे स्वतःचा ड्राइव्ह-वे तरी असतो. आपल्याकडे थेट रस्ता.

आणि रस्ता का? फुकट आहे म्हणून, दुसरं काही कारण नाही. पुणे महापालिकेने 2018 साली पार्किंग धोरण आणलं तेव्हा केवढा गहजब झाला! गरिबांवर अन्याय, मध्यमवर्गाची लूट. शेवटी ते पाच रस्त्यांवर प्रायोगिक म्हणून मंजूर झालं. गरीब माणूस पीएमपीच्या थांब्यावर उभा होता आणि ती बस ज्यात अडकली होती ती कोंडी याच फुकट गाड्यांची होती. त्याच्या नावाने छाती पिटणाऱ्यांच्या किल्ल्या मात्र खिशात वाजत होत्या.

2025 च्या मे महिन्यात परिवहनमंत्र्यांनी जाहीर केलं की पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होणार नाही. माझा या कल्पनेला पूर्ण पाठिंबा आहे. जपानने 1962 मध्येच असा कायदा केला. तिथे जागेचा नकाशा द्यावा लागतो, जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत लागते आणि पोलीस ती पडताळतात. आपल्याकडे कागदावर प्रत्येक बंगल्याला गॅरेज आहे, प्रत्येक फ्लॅटला पार्किंग आहे. नुसता कागद मागितला तर सगळे पहिल्या श्रेणीत पास होतील आणि गल्लीत आणखी एक गाडी उभी राहील. म्हणून तपासायला माणूस पाठवा आणि त्याला शटर उघडून घ्यायचा अधिकार द्या. आत मखर दिसलं, तर नव्या गाडीला नंबर नाही. आणि जी गाडी आधीच बाहेर आहे तिच्याकडून दर रात्रीचं भाडं घ्या, त्या भागात एकशे पस्तीस चौरस फुटांना जो बाजारभाव असेल त्या दराने.