वह्या कुणाच्या, पुस्तक कुणाचं?

एलेना फेर्रान्ते या टोपणनावानं लिहिणाऱ्या इटालियन लेखिकेच्या चार कादंबऱ्या २०११ ते २०१४ या काळात आल्या. पहिलीचं इंग्रजी नाव ‘माय ब्रिलियंट फ्रेंड’. जगभर गाजल्या. पांढरपेशा समीक्षक म्हणतात, दोन मैत्रिणींची काय हृद्य गोष्ट आहे! मैत्री आहेच, कोण नाही म्हणतंय? पण त्या मैत्रीत चोरी झालीय आणि चोरीचा माल छापून विकला गेलाय. मला त्यावर बोलायचंय.

नेपल्समधली कंगाल वस्ती. महायुद्ध नुकतंच संपलेलं. लीला जोडे शिवणाऱ्याची पोर, लेनू नगरपालिकेतल्या दरवानाची. तिथं जोडे शिवणाऱ्याला जन्माची जात चिकटत नाही, गरिबी चिकटते. हा फरक ध्यानात ठेवून वाचा. दोघींत लीला जास्त हुशार. पण पाचवीनंतर तिची शाळा बंद. हट्ट धरला तर बापानं खिडकीतनं बाहेर फेकली, हात मोडला. लेनूच्या घरचे कुरकुरत का होईना तयार झाले, कारण शाळेतली बाई मागं लागली. बस्स, एवढाच फरक! त्यावर एक पिसाला शिकायला गेली, कादंबरीकार झाली, प्रोफेसराच्या घरची सून झाली. दुसरीचं सोळाव्या वर्षी किराणावाल्याशी लग्न. पुढं ती सॉसेजच्या कारखान्यात मांस सोलत उभी.

आता चोरीचा पंचनामा. लहानपणी लीलानं ‘निळी परी’ नावाची गोष्ट लिहिली होती. लेनूची पहिली कादंबरी छापून येते, वाहवा होते. मग ती जुनी गोष्ट तिच्या हाती लागते आणि तिला कळतं, आपल्या पुस्तकाचं काळीज त्या पोरीच्या चार पानांतलं आहे. त्याआधी १९६६ साली लीलानं आपल्या आठ वह्या विश्वासानं तिच्याकडं ठेवायला दिल्या होत्या. उघडू नको म्हणाली होती. लेनूनं उघडल्या, वाचल्या, उतारे पाठ केले, आणि मग पेटी पुलावरनं आर्नो नदीत ढकलून दिली. आधी पाठ केलं, मग बुडवलं! म्हातारपणी तर माझ्यावर लिहू नको असं लीलानं बजावलेलं असताना तिच्यावरच पुस्तक काढलं. पुस्तक खपलं, मैत्री संपली.

क्रांतिकारक पोरंही काही कमी नाहीत. लीला सभेत कारखान्याचे हाल सांगते. विद्यार्थी तिला न विचारता त्याचं पत्रक छापतात आणि कारखान्याच्या फाटकावर वाटतात. पोरं आपापल्या घरी जातात. मालकासमोर उभी राहते लीला.

कुणी म्हणेल, लेनूनं वर जायलाच नको होतं. हे मला साफ नामंजूर. गरिबाच्या पोरीनं वर जाऊ नये असं म्हणणारे आधीच वर बसलेले असतात. शिकण्याची भूक हा गुन्हा नाही. आणखी कुणी म्हणेल, लेनूनं लिहिलं नसतं तर लीला जगाला कळली असती का? अरे, लीलाला लिहिता येत होतं! तिची शाळा तोडली, वह्या बुडवल्या, आणि वर तिच्यावरच उपकार केल्याचा आव? फेर्रान्तेची ताकद अशी की हा सगळा पंचनामा ती लेनूच्याच तोंडून वदवते. पण कबुलीजबाबावरही नाव लेनूचंच. लीला शेवटी फोटोंतनं स्वतःला कापून काढते आणि गायब होते. तेवढंच तिच्या हातात उरलेलं असतं.

दोस्तांनो, हे नेपल्सचं म्हणून सोडून देऊ नका. १९७८ साली ‘बलुतं’ आलं तेव्हापासून कुणाचं जगणं कुणी मांडायचं, हा सवाल आपल्याकडंही आहे. स्वतःची भूक मांडणाऱ्याला माझा सलाम. पण आता आपल्यातले कैकजण विद्यापीठात आहेत, पेपरात आहेत, सेमिनारला विमानानं जातात. त्यांचा बालमित्र अजून वस्तीत गटारात उतरतो. त्याची बोली, त्याच्या आईच्या शिव्या, त्याच्या बहिणीचं मरण लेखात येतं, थिसिसात येतं. त्याला पत्ता नसतो.

माझं म्हणणं सरळ आहे. लिहा, जरूर लिहा. पण छापण्याआधी ज्याचं आहे त्याला वाचून दाखवा. तो नको म्हणाला तर कागद त्याच्या हातात द्या. पैसे मिळाले तर वाटा करा. आणि त्याला स्वतः लिहायचं असेल तर वही-पेन द्या, त्याच्या शेजारी बसा, संपादकाकडं त्याला घेऊन जा. एवढंही जमणार नसेल तर त्याला निदान मित्र म्हणून मिरवू नका.