परीक्षा हातांची, की खिशाची?

मान आखडली, कंबर धरली की आपल्या गावांत अजूनही आधी हाडवैद्याचं नाव निघतं. अमेरिकेत मणक्याचे उपचार हातानं करणाऱ्यांना कायरोप्रॅक्टर म्हणतात. १८९५ मध्ये आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट शहरात ही पद्धत सुरू झाली. पण तिथं नुसत्या हातगुणावर भागत नाही. कॉलेजची पदवी घ्यायची, राष्ट्रीय मंडळाच्या परीक्षेचे चार भाग पार करायचे, तेव्हा कुठं राज्याचा परवाना मिळतो. पहिले तीन भाग लेखी. चौथ्यात मात्र करून दाखवायचं. एक्स-रे वाचायचे, रुग्ण तपासायचा, मणक्यावर हात नेमका कुठं नि कसा ठेवणार ते दाखवायचं.

हा चौथा भाग १९९६ मध्ये सुरू झाला. तो निरनिराळ्या कॉलेजांत होत असे. २०२६ पासून मात्र तो कोलोरॅडोतल्या ग्रीली या एकाच गावी, मंडळाच्या मुख्यालयात घ्यायचं ठरलं. सगळ्यांना एकाच मापानं जोखायचं, हा त्यामागचा विचार.

मापाशी आपलं भांडण नाही. मानेला चुकीचा झटका बसला, तर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते. क्वचित घडतं, पण घडलं तर माणूस आयुष्याचा अधू होतो. आपल्याकडे कायरोप्रॅक्टिकसाठी अशी परवाना परीक्षाच नाही. मोबाइलवर ‘कटकट’ हाडं वाजवणारे व्हिडिओ बघून आपण भुलतो. त्या हातांची परीक्षा कुणी घेतलीय, हे विचारत नाही. म्हणून म्हणते, परीक्षा हवी आणि कडकच हवी.

पण तिची किंमत कुणी मोजायची? शिक्षणाचं कर्ज डोक्यावर, त्यात विमानाचं तिकीट, हॉटेलचं भाडं. कडेवर तान्हं मूल असेल तर विचारायलाच नको! तिथल्या भावी डॉक्टरांनी हे भोगलंय. रुग्ण तपासून दाखवण्याची त्यांची परीक्षा २००४ पासून फक्त पाच शहरांत व्हायची. खर्चाबद्दल विद्यार्थ्यांनी ओरड केली. शेवटी कोविडमध्ये थांबलेली ती परीक्षा २०२१ मध्ये कायमची बंद झाली. म्हणजे खर्चही गेला आणि हातांची परीक्षाही गेली. हा काही न्याय नव्हे.

मैत्रिणींनो, हे दुखणं आपल्या ओळखीचं आहे. मुलीचं परीक्षा केंद्र लांबच्या शहरात आलं की घरात पहिला प्रश्न येतो, ‘सोबत कोण जाणार?’ कुणी सापडलं नाही, तर हुशार पोरगीही घरी बसते. ती नापास होत नाही, तिची एसटी चुकते!

एकच माप हवं असेल, तर तेच परीक्षक, तीच प्रश्नपत्रिका घेऊन चार दिशांच्या चार केंद्रांवर जावं. परीक्षा अवघड असू द्या. तिथवर पोचणं अवघड नको.