लघुउद्योगातील अलक्ष्मी

आश्विन अमावास्येच्या सायंकाळी घरोघर लक्ष्मीचे पूजन होते, आणि त्या पूजेत नाण्यांच्या व हिशेबाच्या वहीच्या शेजारी नव्या केरसुणीलाही हळदकुंकू वाहिले जाते. मध्यरात्री सूप वाजवून व केर काढून अलक्ष्मीचे निःसारण करण्याची प्रथाही आपल्याकडे जुनी आहे. लक्ष्मी घरात यावयाची तर घरातील केर आधी बाहेर गेला पाहिजे, हा त्या आचाराचा अर्थ गृहिणीला कोणी समजावून द्यावा लागत नाही. लहान उद्योजकाला मात्र तो आज नव्याने ध्यानी घ्यावा लागेल. कारण त्याच्या धंद्यातील अलक्ष्मी कोपऱ्यात साचत नाही, ती विजेच्या बिलात दडून बसते.

उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. ज्या पिठाच्या गिरणीत घरोघरची चकलीची भाजणी आणि लाडवांचे बेसन दळले जाते, तीच घेऊ. बाजारात तयार पिठाच्या पिशव्या आल्या, अनेक घरांत घरघंट्या आल्या. दळणाचा दर वाढवावा तर गिऱ्हाईक तुटते, न वाढवावा तर हाती काही उरत नाही, अशा पेचात गिरणीवाला सापडला आहे. मग काटछाटीचा विचार निघाला की पहिली नजर जाते ती मदतनिसाच्या पगाराकडे किंवा त्याच्या दिवाळीच्या बोनसकडे. लेथ-मशीनचे वर्कशॉप असो, तेलघाणी असो वा बेकरी, प्रकार तोच. माणूस समोर दिसतो म्हणून कात्री त्याच्यावर चालते. वाया जाणारी वीज दिसत नाही म्हणून ती सुटते. वस्तुतः हा क्रम उलट असावयास हवा.

बिल काय सांगते?

विजेचे बिल आले की बहुतेक जण शेवटची रक्कम पाहतात आणि भरून मोकळे होतात. त्या कागदावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क अशा निरनिराळ्या रकमा असतात. त्यांतील स्थिर आकार गिरणी बंद राहिली तरी चुकत नाही. म्हणून पहिली तपासणी दोन गोष्टींची करावी. एक, आपली जोडणी कोणत्या वर्गात आहे? महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या दरआदेशांत पिठाची गिरणी औद्योगिक वर्गात मोडते. ती चुकून वाणिज्य वर्गात नोंदली गेली असेल तर दर अधिक पडतो. दुसरी, मंजूर भार किती आहे? मसाल्याचे किंवा कांडपाचे यंत्र विकून वर्षे लोटली तरी त्याचा भार कागदावर तसाच राहिलेला असू शकतो. महावितरणच्या लघुदाब औद्योगिक जोडणीत भार २० किलोवॅटच्या वर असल्यास स्थिर आकार मागणीच्या प्रमाणात लागतो. अशा ठिकाणी भार कमी करून घेण्याचा एक साधा अर्ज दरमहा उपयोगी पडतो.

मोटार आणि सवय

आता खुद्द यंत्राकडे वळू. १० अश्वशक्तीची मोटार म्हणजे सुमारे ७.५ किलोवॅटची. जुन्या आयई-१ दर्जाच्या अशा मोटारीची कार्यक्षमता ८६ टक्के, तर आयई-३ दर्जाच्या मोटारीची ९०.४ टक्के धरली जाते. पूर्ण भाराने दिवसाचे ६ तास आणि वर्षाचे ३०० दिवस दळण चालले, तर एवढ्याशा फरकाने वर्षाला साडेसातशेहून अधिक युनिट वाचतात. हिशेबापुरता युनिटला १० रुपये दर धरला तर ही रक्कम साडेसात हजारांच्या घरात जाते. तथापि धड चालती मोटार फेकून नवी आणा, असे कोणी म्हणणार नाही. ती जळेल तेव्हा निर्णयाची खरी वेळ येते. पुनःपुन्हा रिवाइंडिंग करून घेतलेली मोटार त्या वेळी स्वस्त वाटते, पण ते काम नीट झाले नाही तर ती पूर्वीपेक्षाही अधिक वीज खाते.

मोटारीपेक्षाही मोठी गळती सवयीत आहे. एक डबा दळून झाला, दुसरा यावयाचा आहे, आणि मधल्या वेळात दगड रिकामा फिरतो आहे, हे दृश्य कोणत्याही गिरणीत दिसेल. असे रिकामे फिरताना दोन किलोवॅट लागतात आणि दिवसाचा दीड तास त्यात जातो असे धरले, तर वर्षाला ९०० युनिट धान्याचा एक दाणाही न दळता खर्ची पडतात. नव्या मोटारीने जेवढे वाचते त्याहून हे अधिक, आणि ते वाचविण्यास भांडवल लागत नाही. डब्यांवर चिठ्ठ्या लावून गहू, ज्वारी, डाळ यांचे दळण सलग उरकावे. पट्टा सैल होऊ देऊ नये. दगडाला वेळेवर टाकी लावावी. बोथट दगडाला तेच दळण अधिक वेळ लागते, आणि पीठही तापते.

वेळेची किंमत

विजेला आता वेळेचीही किंमत आली आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये वीजग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार दहा किलोवॅटहून अधिक मागणीच्या व्यापारी व औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून आणि शेतीखेरीज इतर ग्राहकांना १ एप्रिल २०२५ पर्यंत वेळेनुसार दर लावण्याचे ठरले. सूर्यप्रकाशाच्या तासांत वीज नेहमीपेक्षा किमान २० टक्के स्वस्त आणि सर्वाधिक मागणीच्या तासांत उद्योगांना किमान १.२० पट महाग, हे त्याचे सूत्र. प्रत्यक्ष तास व दर राज्याचा आयोग ठरवितो. ते आपल्या बिलावरून समजून घ्यावेत.

येथे गृहिणींचाही वाटा आहे. दिवेलागणीला डबा नेऊन उभ्याउभ्या पीठ मागणारे आपणच. तोच डबा सकाळी पोहोचता केला तर गिरणी स्वस्त तासांत, सलग चालू शकेल.

वहीतील नवा रकाना

पाडव्याला नव्या वह्या उघडल्या जातात. त्या वहीत जमा आणि खर्च यांच्या जोडीला एक रकाना विजेचा असावा. सकाळ-संध्याकाळ मीटरचा आकडा लिहावा, दिवसभराचे दळण लिहावे आणि महिन्याअखेर एका क्विंटलला किती युनिट पडले ते काढावे. हा आकडा वाढू लागला की दगड, पट्टा, मोटार किंवा सवय यांपैकी कोठे तरी बिघाड आहे, हे बिल येण्याआधीच कळते. बेकरीवाल्याने हाच हिशेब मैद्याच्या पोत्यावर आणि वर्कशॉपवाल्याने तयार नगांवर मांडावा.

वर दिलेल्या दोन बचतींची बेरीज वर्षाला सोळा हजारांच्या पुढे जाते. एवढ्यातून मदतनिसाचा वर्षाचा पगार निघणार नाही, हे खरे. पण त्याचा दिवाळीचा बोनस कापण्याची वेळ येऊ नये इतके त्यातून निश्चित साधेल. लक्ष्मीपूजनाच्या रात्री घरातील केर काढून झाल्यावर, लहान उद्योजकाने गेल्या बारा महिन्यांची बिले एकदा शांतपणे समोर घेऊन बसावे, आणि काटछाटीचा आरंभ तेथून करावा.