पाण्याचे वय

विहिरीचे पाणी गोडे की मचूळ, हे आपण विचारतो. ते किती वर्षांचे आहे, हे सहसा कोणी विचारीत नाही. माझ्या मते हा प्रश्न प्रत्येक सुजाण नागरिकाने विचारावयास हवा.

पावसाचे पाणी भूमीत मुरते तेव्हा हवेतील वायूही विरघळलेल्या रूपात सोबत नेते. त्यांत क्रिप्टॉन-८१ हा अत्यंत विरळ, किरणोत्सर्गी वायू असतो. विश्वकिरणांमुळे तो वातावरणात निर्माण होतो. पाणी खोल गेले म्हणजे नवी भर थांबते, आणि असलेला क्रिप्टॉन-८१ सुमारे २,२९,००० वर्षांत निम्मा होतो. उरलेला अंश मोजला की पाणी हवेपासून केव्हा दुरावले, ते कळते. उलट, खडकांतील युरेनियम व थोरियम यांपासून निघणारा हेलियम जुन्या पाण्यात साठत जातो. एक वायू खर्चाची बाजू दाखवितो, दुसरा जमेची!

इजिप्तच्या पश्चिम वाळवंटातील खोल विहिरींचे पाणी क्रिप्टॉनच्या साहाय्याने तपासले गेले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ते सुमारे २ लाख ते १० लाख वर्षांचे ठरले. आज तेथे पाऊस जवळजवळ पडतच नाही.

कोणी म्हणेल, पाणी जुने असो वा नवे, तहान भागली म्हणजे झाले. तहानलेल्याने ते पिऊ नये, असे मीही म्हणत नाही. परंतु आमच्या घरची विहीर (कोकणीत आम्ही तिला ‘बांय’ म्हणतो) वैशाखात तळ गाठते आणि आषाढात पुन्हा भरते. ते वर्षाचे उत्पन्न होय. वाळवंटाखालचे पाणी हे वडिलोपार्जित धन आहे. ते उपसले तर नातवंडांच्या हयातीतही भरून येणार नाही. अशा पाण्यावर बेसुमार शेती पिकविणे म्हणजे पेढीतील शिल्लक न पाहता रक्कम काढीत राहणे होय. म्हणून खोल पाण्याचे वय आधी तपासावे, आणि ते पुरातन ठरल्यास प्रथम पिण्यासाठीच राखावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेव्हा मुलांनो, गावात खोल विंधनविहिरीची गोष्ट निघाली, तर ‘किती फूट?’ एवढेच विचारून थांबू नका. ‘हे पाणी किती वर्षांचे?’ असेही वडीलधाऱ्यांना नम्रपणे विचारा.