भक्कम देखावे, कच्ची पटकथा

नामांकित नटवर्ग, निष्णात दिग्दर्शक आणि पाण्यासारखा पैसा एवढ्या तीन गोष्टी जुळल्या, कीं बोलपट उत्तम झालाच पाहिजे, असें पुष्कळांस वाटतें. विद्यार्थिमित्रहो, तुमचाही असाच समज असेल, तर १९४७ सालीं निघालेला, आल्फ्रेड हिचकॉक यांनीं दिग्दर्शित केलेला 'द पॅराडाइन केस' हा बोलपट तुम्हीं एकदां अवश्य पाहावा. खुनाच्या खटल्याची कथा म्हणून पालकांनीं बिचकण्याचें कारण नाहीं. ह्यांत रक्तपात कोठेंही दाखविलेला नाहीं.

रॉबर्ट हिचन्स यांच्या १९३३ सालच्या कादंबरीवरून ही कथा घेतली आहे. लंडन येथें मिसेस पॅराडाइन ह्या रूपवती विधवेवर, तिनें आपल्या अंध पतीस विष घातलें, असा आरोप येतो. बचावाचें काम अँथनी कीन हा ख्यातनाम बॅरिस्टर पत्करतो. आणि घरीं सुशील पत्नी असतांना ह्या अशिलावरच मोहित होतो. ती निरपराधी असलीच पाहिजे, असें त्याचें मन घेतें, व मग अपराध दुसऱ्या कोणाच्या तरी माथीं मारणें त्यास भाग पडतें. तो दुसरा म्हणजे मृत कर्नलाचा सेवक आंद्रे लाटूर. विष कोणीं दिलें, हा एक प्रश्न. आणि ज्याच्या बुद्धीवर एका जिवाचें जगणें-मरणें अवलंबून आहे, त्याची बुद्धीच मोहानें झांकली तर काय होईल, हा दुसरा. हा दुसरा प्रश्न पहिल्याहून फार मोठा आहे, आणि तो हातीं घेण्याचें धाडस केलें याबद्दल कर्त्यांस श्रेय दिलेंच पाहिजे.

तयारीही तशीच. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाची हुबेहूब प्रतिकृति हॉलिवुडांत उभारली. तेथील प्रसंग एकाच वेळीं अनेक कॅमेऱ्यांनीं टिपले. ग्रेगरी पेक, चार्ल्स लॉटन, एथेल बॅरिमोर, अलीडा वॅली अशीं माणसें जमविलीं. खर्च ४० लक्ष डॉलरांच्या वर गेला. मग उणें कोठें पडलें? पटकथेंत.

पटकथा निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांनीं स्वतः लिहिली, आणि तीही चित्रण चालू असतां, पानें होतील तशीं पाठवीत. (परीक्षेस बसल्यावर निबंधाचा शेवट शोधणारे आमच्या वर्गांतही आहेत, पण त्यांत कोणाचे चार डॉलरही खर्च होत नाहींत.) कीन मोहित झाला, हें आपणांस त्याच्या वागण्यापेक्षां इतरांच्या बोलण्यावरूनच अधिक कळतें, पत्नी बोलते, मित्र बोलतो, मित्राची कन्याही बोलते. रहस्यकथेनें प्रेक्षकास चकवावें, पण पुरावा त्याच्यापुढें स्पष्ट मांडावा. येथें कर्नलाच्या घरांत त्या रात्रीं कोण कोणत्या खोलींतून कोठें गेलें, हेंच ध्यानांत राहत नाहीं. पुढें फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशीं झालेल्या प्रसिद्ध मुलाखतींत खुद्द हिचकॉक यांनींच सांगितलें, कीं त्या घराची रचना आपणांस कधीं नीट उमगली नाहीं!

परंतु माझी मुख्य तक्रार निराळी आहे. कीन उलटतपासणींत लाटूरला इतका पिळतो, कीं तो आत्महत्या करतो. ती वार्ता ऐकल्यावर मिसेस पॅराडाइन भर न्यायालयांत अपराध कबूल करते, आणि आपल्या प्रियकराच्या मृत्यूबद्दल आपल्याच वकिलाचा धिक्कार करते. कीन खटला सोडून बाहेर पडतो. कॅमेरा उंचावरून त्याची एवढीशी आकृति दाखवितो. हें दृश्य विसरतां येत नाहीं. पण एवढें झाल्यावर पटकथेस काय सुचतें? कीनची अब्रू आणि त्याच्या पत्नीची क्षमा! पत्नीनें क्षमा करावी, हें योग्यच. पण लाटूरचें काय? खून न केलेला एक मनुष्य एका वकिलाच्या मोहापायीं मेला, त्याचा हिशेब कोठें मांडलाच जात नाहीं. ज्या प्रश्नासाठीं हा सारा खटाटोप केला, त्याच्याच उंबरठ्यावरून कथा माघारी फिरते.

आणि चांगलें लिहितां येत नव्हतें, असेंही नाहीं. शेवटाजवळ न्यायाधीश लॉर्ड हॉरफील्ड आणि त्यांची पत्नी जेवणाच्या टेबलाशीं बसलेलीं आहेत. ती त्या दोषी स्त्रीबद्दल दया याचिते. ते अक्रोड हातीं घेऊन, ह्याच्या वळ्या मनुष्याच्या मेंदूसारख्या दिसतात, असें थंडपणें सांगतात. थोडक्या शब्दांत दोघांचा सारा संसार डोळ्यांपुढें उभा राहतो. बॅरिमोरबाईंचें काम लहानसेंच, तरी त्यांचें नांव ऑस्कर पारितोषिकासाठीं सुचविलें गेलें होतें. बोलपट पाहाल तेव्हां ह्या प्रसंगीं मात्र कान देऊन बसा.