सृष्टी कोणी निर्माण केली?

नवदीक्षित बौद्ध कुटुंबांना शेजारीपाजारी, सोयरेधायरे आणि शाळेतील मुलांचे सोबतीही एक प्रश्न हटकून विचारतात. "तुम्ही देव मानीत नाही, तर मग ही सृष्टी निर्माण कोणी केली?" विचारणाऱ्याच्या मुद्रेवर विजयाचा भाव असतो आणि उत्तर देणारा पुष्कळदा गोंधळून जातो. घरातील देव्हारा निघाला. परंतु हा प्रश्न मनाच्या कोपऱ्यात तसाच बसून राहिला आहे. त्याचा निकाल लावल्याखेरीज मनाचे धर्मांतर पुरे होणार नाही.

आपल्यातील काही वक्त्यांनी यावर एक सोपे उत्तर शोधून काढले आहे. विज्ञानाचा महास्फोटाचा सिद्धान्त भगवान बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवला होता, असे ते व्यासपीठावरून सांगतात. दीघनिकायात विश्वाच्या संवर्त-विवर्ताचा, म्हणजे लय आणि विस्ताराचा उल्लेख येतो. त्यावर ही सारी इमारत उभी केली जाते. टाळ्याही पडतात. परंतु या उत्तराने धम्माला न्याय मिळत नाही आणि विज्ञानालाही मिळत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. वेदकाळी विमाने होती, असे म्हणणाऱ्यांना हसावयाचे आणि तोच खेळ आपण त्रिपिटक हाती घेऊन खेळावयाचा, हे बुद्धिवाद्यांना शोभत नाही.

महास्फोटाचा सिद्धान्त कोणा ऋषीच्या दिव्यदृष्टीतून आलेला नाही. 1927 साली बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र यांनी विश्व प्रसरण पावत आहे असे गणिताने मांडले. 1929 साली अमेरिकेत एडविन हबल यांनी वेधांच्या आधारे दाखविले की, दीर्घिका जितकी दूर तितक्या अधिक वेगाने ती आपल्यापासून दूर जाते. 1948 साली फ्रेड हॉयल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी विरुद्ध पक्ष मांडला: विश्वाला आरंभच नाही, ते प्रसरण पावते आणि नवे द्रव्य उत्पन्न होत राहते. हा वाद कोणाच्या शापाने अथवा फतव्याने मिटला नाही. 1964 साली पेन्झियस आणि विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांकडून येणारे मंद प्रारण सापडले. आरंभीच्या तप्त अवस्थेचा तो अवशेष ठरला आणि महास्फोटाचे पारडे जड झाले. आज विश्वाचे वय सुमारे 1380 कोटी वर्षे मानले जाते. तरीही त्यातील ज्ञात द्रव्याचा वाटा सुमारे पाच टक्केच आहे आणि उरलेले काय आहे ते अद्याप उलगडलेले नाही, असे शास्त्रज्ञ स्वतःच सांगतात.

कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर यांनी हॉयल यांच्यासमवेत काम केले आणि 2025 साली त्यांचे निधन होईपर्यंत महास्फोटाविषयी शंका उपस्थित करण्याचे सोडले नाही. बहुसंख्य शास्त्रज्ञ विरुद्ध बाजूस होते. म्हणून कोणी त्यांना वाळीत टाकले नाही. पुण्यातील आंतरविद्यापीठीय खगोलविज्ञान केंद्राचे ते संस्थापक संचालक झाले. ज्या क्षेत्रात शंका घेणाऱ्यास मान मिळतो, त्या क्षेत्रातील सिद्धान्ताला पोथीचे वचन करून टाकणे हा त्याचा सन्मान नव्हे, अपमान आहे.

याबाबत लमेत्र यांचे उदाहरण मोठे बोधप्रद आहे. ते स्वतः ख्रिस्ती धर्मगुरू होते. 1951 साली पोप बारावे पायस यांनी विश्वाच्या आरंभाविषयीचे हे नवे विज्ञान ईश्वरी निर्मितीस पुष्टी देते असा अर्थ काढला, तेव्हा लमेत्र यांना तो रुचला नाही. आपला सिद्धान्त धार्मिक प्रश्नांच्या कक्षेबाहेरचा आहे, अशी त्यांची भूमिका होती. एका पाद्र्याला जो विवेक पाळता आला, तो बुद्धाच्या अनुयायांना पाळता येऊ नये काय?

मग या प्रश्नावर तथागतांची भूमिका कोणती? मालुंक्यपुत्ताने विचारले की, जग शाश्वत आहे की अशाश्वत, सान्त आहे की अनंत? तथागतांनी हे प्रश्न अव्याकृत ठेवले. विषारी बाण लागलेल्या माणसाने बाण मारणाऱ्याचे नाव-गाव कळेपर्यंत तो उपटू द्यावयाचा नाही असे ठरविले, तर तो प्राणास मुकेल, हा त्यांचा दृष्टान्त. दुःख समोर आहे. ते दूर करण्यास सृष्टीचा आरंभ ठाऊक असण्याची गरज नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी 1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात बुद्धवचनाची कसोटी दिली आहे. जे विवेकाला धरून असेल ते बुद्धाचे. माणसाच्या कल्याणाशी ज्याचा संबंध नाही अशा चर्चेत बुद्ध पडले नाहीत. आणि जेथे निश्चिती नव्हती, तेथे त्यांनी आपले मत तात्पुरते म्हणूनच मांडले. महास्फोटाचे श्रेय बुद्धांना देणारे व्याख्यान या कसोटीवर टिकते काय?

परंतु येथे एक सावधगिरी हवी. सृष्टीच्या उत्पत्तीची कथा आपल्या बाबतीत कधीच निरुपद्रवी नव्हती. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पुरुषसूक्ताने विश्वाच्या निर्मितीतच वर्ण बसवून टाकले: मुखातून ब्राह्मण, बाहूंतून राजन्य, मांड्यांतून वैश्य, पायांतून शूद्र. आपणास तर त्या पायांतही जागा नव्हती. समाजाने निर्मिलेली विषमता सृष्टीच्या आरंभाशी नेऊन बांधली की, तिच्याविरुद्ध बोलणे हे सृष्टिक्रमाविरुद्ध बोलणे ठरते. म्हणूनच बाबासाहेबांनी 1946 साली 'हू वेअर द शूद्राज?' या ग्रंथाच्या आरंभीच या सूक्ताची चिकित्सा केली. तथागतांनीही अग्गञ्ञसुत्तात वासेट्ठ आणि भारद्वाज यांना हेच दाखविले: ब्राह्मण स्त्रियाही इतर स्त्रियांप्रमाणेच गर्भ धारण करतात आणि प्रसवतात, मग ब्रह्माच्या मुखातून जन्मल्याचा गर्व कशाला? त्या सुत्ताचे मर्म यात आहे. त्यात महास्फोट शोधणारा मर्म सोडून टरफल उचलतो.

तेव्हा आमचे सांगणे असे. मुलाने विचारले, "जग कोणी केले?", तर त्याला गप्प करू नका आणि खोटे उत्तरही देऊ नका. विज्ञानाला आजवर काय कळले ते सांगा. पुढचे अद्याप कळलेले नाही, हेही निःसंकोच सांगा. "ठाऊक नाही" म्हणण्यात कमीपणा नाही. ठाऊक नसताना ठाऊक असल्याचे सोंग आणण्यात आहे. कर्ता हवाच असेल तर त्या कर्त्याचा कर्ता कोण, असा उलट प्रश्न नम्रपणे विचारण्यास त्याला शिकवा. विहारात रविवारी वंदनेनंतर अर्धा तास विज्ञानाच्या पुस्तकाचे वाचन ठेवा. कनिष्ठ मानलेल्या जातीत, गरीब दुकानदाराच्या घरी जन्मलेल्या मेघनाद साहा यांच्या 1920 सालच्या समीकरणामुळे ताऱ्यांचे तापमान आणि घटक उलगडण्याची वाट मोकळी झाली, हे मुलींना आणि मुलांना कळू द्या.

सृष्टी कशी झाली याचा शोध वेधशाळा घेतील, आणि त्या कामी आपलीही मुले असावीत. परंतु समाज कोणी केला, हे आपणास पक्के ठाऊक आहे. तो माणसांनी केला. म्हणूनच तो माणसांना बदलता येतो. धम्मदीक्षेचा अर्थ तोच आहे.